मंदा, पोर माझी आहे

मंदा,

तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाशी कोण भांडतं, असं लोक म्हणतील. पण तू होतीस तेव्हा तरी मला धड भांडू कुठं दिलंस? माझा आवाज चढला की तू हसायचीस, "आक्का, च्या ठिवू का?" म्हणायचीस, आणि त्या सुजलेल्या बोटांनी कप पुढं केलास की माझं भांडण घशातच राहायचं. आता चहा नाही आणि हसणंही नाही. आता ऐकून घे.

तू गेल्यावर वैशूनं गोळी बंद केली. वैशू, माझी मुलगी. हे मुद्दाम सांगते, कारण वडगावात निम्म्या लोकांना ती तुझीच वाटायची. एसटीतला कंडक्टरसुद्धा तुला विचारायचा, "लेकीचं तिकीट अर्धं का पुरं?" आणि तू त्याला कधी दुरुस्त केलं नाहीस. मी थोरली जाऊ, शेजारच्या सीटवर पिशव्या धरून बसलेली, मला कुणी काही विचारायचं नाही.

गोळी बंद कशी झाली ते ऐक. तिसऱ्या दिवशी माणसं राख सावडायला भीमेवर निघाली, तेव्हा सासूबाईंनी तुझं सगळं गोळा करून दिलं. दोन साड्या, उशी, चपला, आणि औषधांचा तो पत्र्याचा डबा. मेलेल्या माणसाचं औषध घरात राहिलं तर दुखणं उंबऱ्याच्या आतच बसतं, असं त्या म्हणाल्या. डबा नदीत गेला. डब्यात वरती तुझ्या गोळ्या आणि तळाला वैशूच्या, हे घरात कुणाच्या ध्यानातच नव्हतं. दोघींच्या गोळ्या एका डब्यात कशाला, असं मी पूर्वी एकदा विचारलं होतं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "इसरत न्हाई, म्हणून." आठवड्यातून एकदाच घ्यायची ती पिवळी गोळी, बुधवारी जेवणं झाल्यावर तुम्ही दोघी बरोबरच घ्यायचात. सुतकात बुधवार आला आणि गेला.

मग आमच्या ह्यांनी दौंडहून नवी पट्टी आणली. वैशूनं ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि फडताळात ठेवून दिली.

"काकी नेमानं घेत हुती," ती म्हणाली. "काय झालं?"

मी फडताळाचं दार लावलं. मी आई आहे, काकी नाही.

आता सुरुवातीपासून भांडते. तू या घरात आलीस तेव्हापासून मी तुझ्यावर जळते, आणि हे तुला ठाऊक होतं. तू आलीस आणि आठवडाभरात आबांना हसवलंस. आमचे सासरे, आयुष्यभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस, ज्यांनी माझ्याशी पहिली चार वर्षं "व्हय" आणि "न्हाई" यापलीकडं काही बोलणं केलं नाही, ते तुझ्या नकला बघून डोळे पुसत होते. तू सरपंचांची नक्कल करायचीस, भावजींच्या कारखान्यातल्या साहेबांची करायचीस, माझीही करायचीस. माझी चांगली व्हायची, हे आणखी वाईट.

मग तुझा बाळू झाला, आणि तुझं दुखणं सुरू झालं. सकाळी तुझी बोटं मिटायची नाहीत. म्हशीच्या धारेला बसलीस तर आचळ हातात धरता यायचं नाही. भाकरी थापता यायची नाही. आणि आपल्या घरात जी बाई उजाडायच्या आत कामाला लागत नाही, ती आळशी. बरं, दुपारी बघावं तर तू कांद्यात खुरपायला सगळ्यांच्या पुढं! सासूबाई म्हणायच्या, "कामाच्या टायमाला बरं दुखतं हिचं. ऊन चढलं की हरणी." मला पण तसंच वाटायचं, खोटं कशाला सांगू? बंबाचं ऊन पाणी तपेलीत घेऊन तू हात बुडवून बसायचीस, तेव्हा मला आधी सरपण दिसायचं आणि मग तू.

आणि दुखण्याचाही हेवा वाटला मला. हस आता. माझा नुसता ताप असायचा, तोही दुपारपर्यंत लाजून निघून जायचा. तुला मात्र पुण्याचा मोठा दवाखाना, डॉक्टरीणबाई, रक्ताच्या चाचण्या, आणि भावजी सीझनमधून रजा काढून बरोबर. पाटसच्या कारखान्यात ऊस चालू असताना रजा मिळते हे मला तुझ्यामुळं कळलं. माझ्या बाळंतपणाला आमचे हे बाजाराला गेले होते.

वैशूचं सुरू झालं तेव्हा ती नुकती पहिलीतून दुसरीत गेली होती. सकाळी अंथरुणातून उठली की पाय ओढत चालायची. शाळेला उशीर. गुरुजींनी चिठ्ठी पाठवली. मी शाळेत जाऊन बघते तर मधल्या सुट्टीत बाईसाहेब लंगडी खेळताहेत! घरी येऊन मी आकांडतांडव केलं. सासूबाई म्हणाल्या, "काकीची नक्कल करती. बघती ना रोज." आणि मला ते पटलं. पोरीनं नक्कल करायची तर ती पण तुझीच करावी!

दुसऱ्या दिवशी सकाळी तू तिच्या अंथरुणाशी बसलीस, एक हात तिच्या एका गुडघ्यावर ठेवलास, मग दुसऱ्या गुडघ्यावर. मला हाक मारलीस.

"आक्का, हात लावून बघा. ह्यो गुडघा ऊन लागतोय. त्यो न्हाई."

मी लावला. खरंच ऊन होता. वाटीसारखी कडा असते गुडघ्याची, ती दिसतच नव्हती, पोळीसारखा फुगला होता. सहा-सात वर्षं मी तिला रोज न्हाऊ घालत होते, आणि ते तुझ्या हाताला कळलं. अशा हाताला, ज्याला धड तांब्या धरता येत नव्हता.

आपण शिरूरला दाखवलं, आठवतं? सकाळच्या गाडीनं निघायचं, पोचून नंबर लागेस्तोवर बारा वाजायचे. तोवर वैशूचा गुडघा मोकळा व्हायचा आणि ती दवाखान्याच्या बाकांवरून उड्या मारायची. डॉक्टर म्हणाले, वाढीच्या वयात दुखतात पाय. तांबड्या औषधाची बाटली दिली. पुन्हा गेलो, पुन्हा बारा वाजले, पुन्हा बाटली. मी खूश होते. पोरीला काही नाही, असं डॉक्टरनं सांगितल्यावर कोण आई नाखूश होईल? तूच एकटी खूश नव्हतीस. गाडीतून उतरल्यावर मला म्हणालीस,

"आक्का, ह्ये दुखणं सकाळी बघायचं असतं. दुपारी न्हेलं तर आपण खोटं पडतो. म्या वरीसभर खोटी पडलीय."

मग तूच सगळं ठरवलंस. आदल्या दिवशी कासुर्डीला माझ्या भावाकडं मुक्काम, पहाटे यवतला जायचं, तिथून रेल्वेची शटल पुण्याला, आणि दवाखाना उघडायच्या वेळेला दारात. वरून ताकीद, की वैशूला पाऊलभर चालू द्यायचं नाही. "मोकळी झाली तर पुन्यांदा बारा वाजतील," म्हणालीस. मी तिला स्टेशनावरून कडेवर घेतलं. जड होती. माझी कंबर गेली, आणि तू पुढं पिशवी घेऊन, "बाजूला व्हा, पोरगी आजारी हाय," म्हणत गर्दीतून वाट काढत होतीस. आपला हा एवढा एकच प्रवास असा आठवतो, की त्यात मी तुझ्यावर जळले नाही. दवाखान्याच्या दारापर्यंतच.

कारण आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी वैशूला उभी केली, ती लंगडली, त्यांनी गुडघा दाबून बघितला, घोटा बघितला, आणि विचारलं, "सकाळी किती वेळ असं राहतं?" मी तोंड उघडायच्या आत तू सांगितलंस. "थंडीत वाढतं का?" तू सांगितलंस. "झोपेतून रडत उठते का?" तेही तूच. शेवटी त्यांनी कागद तुझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आई, हिचं रक्त तपासून आणा." वैशूनं तुझा पदर धरला होता. मी भिंतीशी उभी होते.

"लहान पोराला वात?" मी विचारलं. तेवढं एकच बोलले. त्या म्हणाल्या, होतो. पाळण्यातल्या पोरालाही होतो. आपल्याकडं लोकांना वाटतं सांधे म्हाताऱ्यांचे दुखतात, म्हणून लहान पोरं खोटारडी ठरतात. आणि मग त्यांनी असं सांगितलं, की गुडघ्याबरोबर हिचे डोळेही दर तीन महिन्यांनी तपासायचे, डोळे लाल नसले आणि दुखत नसले तरी. या दुखण्यात डोळा आतून सुजतो आणि पोराला कळत नाही. मला ते काही पटलं नाही. गुडघा कुठं आणि डोळा कुठं! मी एकटी असते तर एकदा दाखवून सोडून दिलं असतं. तू सोडलं नाहीस. एका खेपेला खरंच डाव्या डोळ्यात सूज निघाली, थेंब घालून वेळेवर उतरली. आज वैशू सुईत दोरा ओवते ते तुझ्यामुळं. हे मी मान्य करते, दात-ओठ खाऊन का होईना.

पण तुमचं ते ओट्यावर बसणं! रोज सकाळी पूर्वेच्या उन्हात दोघी भिंतीला टेकून. मी शेणाचे हात घेऊन गोठ्यातून येणार आणि तुमचं चाललेलं असणार.

"आज कुठं?"

"उजवा घोटा. जरासाक."

"माझी दोन्ही मनगटं. म्या जिंकले."

"काकी, तू रोज जिंकतीस!"

आणि खिदळणं. दुखण्याची पैज लावून हसणाऱ्या बाया मी दुसरीकडं कुठं पाहिल्या नाहीत. मी विचारलं, "वैशे, आज कसं हाय?" तर म्हणायची, "बरं हाय." मला "बरं हाय," तुला घोट्यासकट सगळा हिशेब. गुरुवारी गोळीनं दोघींना मळमळायचं, मग एका फडक्यातली आवळकाठी दोघी चघळत बसायच्या. तुमच्या मळमळीचासुद्धा मला हेवा वाटायचा. त्या फडक्यात माझ्यासाठी कधी तुकडा नसायचा. मागितला असता तर दिला असतास, हे ठाऊक आहे. मागायचा कशाला?

तिला दुखणं समजावलंस तेही तूच. मी "वात हाय, जाईल" एवढंच म्हणायची, कारण पुढं लग्न जमवायचं तर नावं घेत फिरायची का दुखण्याची? तू तिला आबांच्या कुत्र्याची गोष्ट केलीस. मेंढरं होती तेव्हाचं ते राखणीचं कुत्रं. लांडग्यावर जायचं, चोरावर जायचं, आणि एकदा काय डोक्यात गेलं कोण जाणे, आपल्याच मेंढरांना चावायला लागलं. "तसं हाय बघ," तू म्हणालीस. "अंगाची राखण करायला देवानं जे दिलंय ना, ते आपल्याच सांध्यांला चावतंय. कुणी करणी केली न्हाई, तू काय पाप केलं न्हाई. गोळी म्हंजी त्या कुत्र्याला गप बसवायचं. पण गप बसलेलं कुत्रं चोरावर बी भुकत न्हाई, म्हणून ताप आला की लगीच सांगायचं. काय?"

"लगीच सांगायचं," वैशू म्हणाली.

आणि स्वतः काय केलंस, मंदे?

बाळूचं सांगू? तुला तुझा मुलगा होता, म्हणून माझा राग जास्त. मूलबाळ नसतं तर मी समजून घेतलं असतं. तुला त्याला उचलता यायचं नाही, म्हणून त्याला न्हाऊ माखू मीच घातलं, खांद्यावर मीच नाचवला. तो रडला की माझ्याकडं यायचा. तू ओट्यावरून बघायचीस. आता विचार येतो, तू कधी जळलीस का माझ्यावर? त्या कडेवरल्या पोरासाठी, माझ्या या धडधाकट दंडांसाठी? जळली असशील तर तोंडावर दाखवलं नाहीस कधी. मला ते हवं होतं. एकदा जरी तू चिडून म्हणाली असतीस, "आक्का, पोर खाली ठिवा, माझं हाय," तर आपली बरोबरी झाली असती. आता विचारायची सोय नाही.

आणि आपला तो वाद. तो तसाच अर्धा टाकून गेलीस तू.

गेल्या वर्षीची गोष्ट. वैशूला डोळ्यांच्या विभागात बसवून आपण दोघी डॉक्टरीणबाईंकडं होतो. त्यांनी तुझ्या छातीचा फोटो बघितला, फुफ्फुसात जाळी धरलीय म्हणाल्या. हा सांधेवात नुसता सांध्यात राहत नाही, असं तुला सांगितलं. तू मान डोलावलीस, जसं काही शेजारणीचं सांगताहेत. मग वैशूचं निघालं. त्या म्हणाल्या, "तिचं आणि तुमचं दुखणं एक नाही. दोन्हीत सांधे सुजतात म्हणून सारखं वाटतं. तुमचं आहे ते मोठ्या माणसांचं, ते बहुतेक जन्माला पुरतं. तिचं लहानपणातलं, त्यातही मोजक्या सांध्यांचं. अशी बरीच मुलं मोठी होताना बरी होतात. सगळी नाही, पण बरीच. अजून वर्षभर असंच शांत राहिलं तर गोळी उतरवून बघू."

माझ्या डोक्यावरून डोंगर उतरला. मला तिथंच डोळ्यांच्या विभागात पळत जाऊन तिला सांगायचं होतं. तू माझा दंड धरलास.

"आक्का, इतक्यात नका सांगू तिला."

"का म्हणून?"

"ती सकाळची उठती ती म्या उठती म्हणून. तिला वाटतंय आपलं दोघींचं एकच हाय. त्येच्यावर तर चाललंय तिचं."

"तिला वाटतंय का तुला वाटतंय?"

हे मी म्हणाले. मला मागं घ्यायचं नाही. खरं होतं ते. तू खिडकीबाहेर बघितलंस, बाहेर नुसती सायकलींची रांग होती.

"दोघींला," म्हणालीस.

मग म्हणालीस, गोळी उतरवायची वेळ येईल तवा सांगू. मी हो म्हणाले, पण रागानं. आणि ऐक, मला तिला खरं सांगायचं होतं ते निम्मं तिच्या भल्यासाठी आणि निम्मं तुमच्या दोघींच्या मधे जाऊन बसायला. तुला ते कळलं होतं. म्हणूनच तू मला अडवलंस की मलाच वाटतंय, ते पण आता विचारायची सोय नाही.

मग ही थंडी. तुला खोकला झाला. ताप अंगात घेऊन तू हिंडत होतीस. दुपारी बरी दिसायचीस, नेहमीसारखी, आणि आम्ही सगळे तुझं दुपारचं बघायला शिकलेले. "सीझन चालू हाय, ह्यांना कशाला बोलवायचं," म्हणालीस. ज्या बाईनं माझ्या पोरीला "ताप आला की लगीच सांगायचं" हे पाठ करून घेतलं, तिनं स्वतःचा ताप पदराखाली झाकला! वैशूनंच शेवटी तुझ्या कपाळाला हात लावला आणि ओरडली. जीपनं पुण्याला नेलं तोवर तुला श्वास पुरत नव्हता.

तोंडावर तो मास्क. मी पायाशी बसले होते. बाहेर भावजी, बाळू माझ्या माहेरच्यांकडं. तू हातानं खूण केलीस, मी वाकले. मला वाटलं बाळूला सांभाळा म्हणशील. मी तयारच होते. मास्क बाजूला सारून तू म्हणालीस,

"वैशूचं डोळं... दाखवायचं ऱ्हायलंय ह्या महिन्यात."

"गप पड," मी म्हणाले. आपलं शेवटचं बोलणं हे असं, "गप पड." आणि तुझं शेवटचं बोलणं माझ्या मुलीविषयी. आई मी, आणि डोळ्यांची तारीख तुझ्या ध्यानात. तिथंसुद्धा, त्या खाटेपाशीसुद्धा, माझ्या काळजात बारीक सुई टोचली. काय करू, स्वभाव.

तर मी गोळीचं सांगत होते. वैशू घेईना. ह्यांनी समजावलं, आबांनी समजावलं, सासूबाईंनी अंगारा लावला. ती कुणाशी भांडली नाही. नुसती म्हणायची, "घिऊन काय हुतंय?" तिला वाटत होतं की तुझी वाट तीच तिची वाट. आज गुडघे, उद्या बोटं, मग फुफ्फुस, मग भीमा. तूच शिकवलं होतंस ना, आपलं एकच. सोबत म्हणून दिलं होतंस ते, तिच्या गळ्याशी आलं.

परवा सकाळी ती उठली तेव्हा गुडघा पुन्हा फुगला होता. मी हात लावून बघितला. एक ऊन, एक गार. तिनं पाय ओढत ओटा गाठला आणि भिंतीला टेकली. तुझी जागा रिकामी ठेवून. मी गोठ्यात निघाले होते. दुधाची बादली तिथंच ठेवली आणि तुझ्या जागेवर जाऊन बसले. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी देवळात चपला घालून आलेय.

"आज कुठं?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"वैशे, ऐक माझं. तुझं आन् काकीचं दुखणं एक न्हाई."

"कोण म्हणतं?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गेल्या साली. तिचं मोठ्या माणसांचं हुतं. तुझं लहानपणीचं हाय, येगळं हाय. तुझ्यासारखी लई पोरं मोठी हुताना बरी हुत्यात. सगळी न्हाई, पण लई. तुझी तर गोळी उतरवून बघणार हुत्या त्या. तिच्या फुफ्फुसाचं झालं त्ये तुझ्या वाटंवर न्हाई. पण गोळी सोडलीस तर गुडघा जाईल, डोळा जाईल."

"काकीला ठावं हुतं?"

"व्हय. ती आन् मी, दोघी हुतो तिथं."

मला वाटलं, आता हिच्या चेहऱ्यावरचं मळभ जाईल. सांगते तुला, मंदा, कितीतरी वर्षं मी या घटकेची वाट बघत होते. तुमची जोडी मोडायची, तेही खरं बोलून, कुणी मला बोल लावू शकणार नाही अशी. हे माझ्या हातात आलं होतं. वैशू समोरच्या लिंबाकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली, आणि तिचा आवाज फाटला.

"मंग इतकी वर्सं काकी एकटीच हुती?"

तिच्या स्वतःच्या सुटकेचं एक अक्षर नाही. ती बरी होणार होती, आणि तिला दिसली ती तू. ओट्यावर रोज जिंकणारी, जाळी धरलेलं फुफ्फुस घेऊन पैज लावणारी, सगळं ठाऊक असून "आपलं एकच" म्हणणारी.

"मी हुते की," असं माझ्या ओठांवर आलं. पण मी नव्हते. मी गोठ्यात होते. आणि तुझ्या जागेवर बसून खोटं बोलायला माझी जीभ वळली नाही.

"एकटी कशी?" मी म्हणाले. "तू हुतीस की तिच्यापाशी. रोज."

हे वाक्य मला फार जड गेलं, मंदा. तुला ते फुकट मिळालं असं समजू नकोस. ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं तुझ्यावर जळले, तीच मी माझ्या तोंडानं तुझ्या ओंजळीत घातली.

वैशू रडायला लागली. तू गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, नाक-तोंड एक करून. रडता रडता म्हणाली, "आई, गोळी आण." वार कुठला होता ते मी बघितलं नाही, तिनं बघितलं. बुधवारच होता. मी पट्टी आणली, पाणी आणलं. गोळी गिळली आणि पुन्हा तुझ्या नावानं हुंदके द्यायला लागली, आणि दुखरा पाय लांब करून तिनं डोकं माझ्या मांडीवर टाकलं. गोठ्यात म्हैस ओरडत होती. मी उठले नाही. ती रडत होती तुझ्यासाठी, पण मांडी माझी होती. एवढं मी तुला देणार नाही.